काकूबाई, मऊ तळाच्या

बायकांच्या मनातलं मला त्यांच्या पायांवरून कळतं. फुशारकी नाही, चपलांच्या दुकानात आयुष्य गेलंय माझं! त्यामुळे रुंद, मऊ, टाचेचा पत्ताच नसलेल्या चपलांचा नवा माल आला, तेव्हा नाव सुचलं तेही मलाच : ‘काकूबाई’! मी इतका खूश झालो, की आधी पाटी रंगवून काचेत लावली आणि मगच मालकीणबाईंना हाक मारली.

गल्ल्यावरच्या ताई म्हणाल्या, “ही शिवी आहे.”

“शिवी? अहो, लाडाचा शब्द आहे. साधी, घरगुती बाई.”

“म्हणजे ध्यान दिसणारी. कॉलेजात मला म्हणायचे. लाडाने नव्हे.”

मालकीणबाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. नव्या शाखेचा मॅनेजर आम्हा दोघांतूनच निवडायचा होता. तो मीच, असं मी सासुरवाडीला सांगूनही टाकलं होतं.

“आज गिऱ्हाइकांनाच विचारा,” त्या म्हणाल्या. “कुणाला राग आला नाही तर पाटी राहील आणि शाखाही तुमची.”

पहिल्याच बाईंचा पाय मापाला हातात घेतला आणि विचारलं, “काकूबाई हा शब्द तुम्हाला अपमानाचा वाटतो?”

“छे! गमतीचा शब्द आहे.”

मी ऐटीत ताईंकडे पाहिलं.

“पण मला का विचारताय?” बाईंनी विचारलं, पाय काढून घेतला आणि चालू लागल्या.

चूक उमगली. शब्द ठीक होता, माणूस चुकलं होतं. मग जिला हा शब्द लागूच पडत नाही, तिलाच विचारायचं ठरवलं. जीन्स घातलेली एक मुलगी हसून म्हणाली, “क्यूट आहे.” तिच्याबरोबर आई आणि मावशी होत्या.

मावशी म्हणाल्या, “आम्हाला नाही विचारलंत?”

“तुम्हाला कशाला?” मी नम्रपणे म्हणालो.

“म्हणजे आमचं ठरलेलंच आहे?”

दुकानातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता एखादी तटस्थ बाई हवी होती. मी बायकोला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“काकूबाई? त्यात काय वाईट आहे?” ती म्हणाली.

“ऐकलंत?” मी जवळजवळ उडीच मारली.

“पण कुणाला म्हणताय?”

“अगं, चपलांना! त्या नव्या, रुंद, मऊ तळाच्या…”

“काल वाढदिवसाला मला आणल्यात, त्या?”

फोन बंद झाला. मावशी चुकचुकल्या, शांतपणे खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, “ताई, त्या काकूबाई दाखवा हो मला.”

“मलाही,” मुलीची आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत शेल्फ रिकामं! प्रत्येकीने चपला नाव घेऊन मागितल्या, ताईंकडे. मी एकदाच मध्ये पडून “काकूबाई काढू का?” म्हणालो, तर बाई अशा बघायला लागल्या, की मी शिडीवर चढून बसलो.

मालकीणबाई खूश होत्या. “नाव झकास आहे. हेच ठेवू. फक्त ते उच्चारणारा पुरुष दुकानात नको.”

नवी शाखा ताई सांभाळतात. मी गोदामात असतो. तिथल्या खोक्यांवरचं नाव मी खुशाल मोठ्याने वाचतो, कुणी हरकत घेत नाही. घरी बायको तिच्या चपलांना काकूबाईच म्हणते. मी ‘त्या’ म्हणतो.