शनिवारच्या पानावर बुधवार

गोव्याच्या डिचोली तालुक्यात गुन्हे कमी होतात याचं श्रेय लोक पोलिसांना देतात. देवोत बापडे. मी मोठ्या मनाचा माणूस आहे, आणि पोलिसांनाही घरदार असतं.

मी गोकुळदास. खासगी शोधक. उंची बेताची, बुद्धीचं तसं नाही. माझं नाक इतकं तयार आहे की सुर्ल्याच्या खाणीवर लाल धुळीत उभा राहूनही, समोरचा ड्रायव्हर बांगडे जेवून आलाय की नुसती पेज पिऊन, हे मी गाडी थांबायच्या आत सांगत असे. तिथे माझं काम ट्रक मोजण्याचं. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक यायचे थांबले आणि माझी निरीक्षणशक्ती घरी पडून राहिली. तिला गंज चढू नये म्हणून मी बहिणीच्या घरच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, पाटी लावली : ‘कसलाही शोध लावून मिळेल.’ बहीण चंद्रावती त्याच पाटीखाली बसून नारळ सोलते, त्यामुळे आलेली गिऱ्हाइकं बहुधा नारळाचा भाव विचारून जातात. तरीही तालुक्यातली काही अवघड प्रकरणं मी हाताळली आहेत. त्यांतली जी सुटली ती आपोआप सुटली, पण माझ्या देखरेखीखाली.

हे प्रकरण मात्र घरचंच होतं. चंद्रावतीची मुलगी ऋतिका, म्हणजे माझी भाची, बेंगळूरची कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरी आली होती. बाजारातल्या केबलवाल्या सुदेशने तिला काम दिलं. त्याच्या केबलवर एक चॅनल रिकामा होता. त्यावर आज टीव्हीवर कुठे, किती वाजता, काय लागणार याची यादी दिवसभर दिसत राहील असं ‘टीव्हीचं पान’ तिने तयार केलं. ते चाललं तर साखळी, म्हापशाचे केबलवालेही घेणार होते आणि पोर कायमची घरी राहणार होती. नाही चाललं तर बेंगळूरची कंपनी तिला परत बोलावायला टपलेलीच होती. चंद्रावती यावर एक अक्षर बोलत नसे, फक्त रोज पोरीला आवडणाऱ्या शिंपल्या, तिसऱ्या, आणून त्यांचं सुकं करत असे. मीही बोललो नव्हतो. पण ऋतिका तिकडे असताना मी आणि बहीण समोरासमोर बसून नुसते जेवत होतो, बोलायला काही नसायचं, आणि ते दिवस मला परत नको होते.

आणि नेमकं पान चुकलं.

एका शनिवारी रात्री आठला टीव्हीवर गाण्याची स्पर्धा होती आणि तिच्यात जवळच्या नार्वे गावची एक मुलगी गाणार होती. पण पानावर आठला सासू-सुनेची मालिका. लोकांना वाटलं स्पर्धा पुढे ढकलली, आणि अख्खं नार्वे सासू-सुनेची वाट पाहत दुसऱ्याच चॅनलवर बसून राहिलं. पोरगी गाऊन मोकळी झाली. गाव तिच्या गाण्याला मुकलं.

सोमवारी सकाळी सुदेश आमच्या बल्कांवात आला. चेहऱ्यावर झोप नव्हती.

“गोकुळदासबाब, नार्व्याच्या लोकांनी फोन करून म्हाका सोडलो ना. ते पोरीची शेवटची फेरी येत्या शेनवारा आसा. परत चुकलें जाल्यार पान बंद. ऋतिकाबाय, वायट मानू नाका, पण म्हाका गिरायकां सांबाळूंक जाय.”

“केस स्वीकारली,” मी म्हणालो.

“तुमकां कोणें दिली?” सुदेश म्हणाला. पण तोवर मी चष्मा पुसायला घेतला होता.

पहिला साक्षीदार ऋतिका. मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, “सगळं सुरुवातीपासून सांग. काहीही लपवू नकोस.”

“लपवायचं काय मामा? टीव्हीची यादी एका कंपनीच्या सर्व्हरवर असते. इंटरनेटवरून विचारलं की तो सांगतो. पण विचारायच्या रीती किचकट, म्हणून मी एक लायब्ररी वापरते.”

मी चपला पायात घातल्या.

“बस मामा. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. कुणीतरी आयता लिहून ठेवलेला प्रोग्राम. मी तिला इतकंच सांगायचं, यादी घेऊन ये. ती तिकडे जाते, आपली ओळखीची चावी दाखवते, यादी मागते आणि मला आणून देते.”

“म्हणजे पोदेर,” मी म्हणालो. “आपण बेकरीत जायचं नाही. सायकलवरून तो दारात पाव, उंडे आणून देतो.”

ऋतिका माझ्याकडे बघतच राहिली. “हो. अगदी तसंच.”

माझ्या बुद्धीने लोक असे अवाक होतात, त्याची मला सवय आहे. मी पुढचा प्रश्न टाकला. “हा पोदेर केव्हा जातो?”

“रोज दुपारी अडीचला, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून. नवी यादी आली की पान बदलतं, नाही आली तर जुनीच राहते. पण मामा, माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी केव्हाही मागितली तरी बरोबर येते. दुकानातच काहीतरी होतंय. आणि गंमत बघ, शनिवारी पानावर तारीख शनिवारची होती, पण खालचे कार्यक्रम सगळे बुधवारचे. रविवारीसुद्धा बुधवारचेच.”

“सोमवार ते शुक्रवार?”

“तेव्हा कोण तक्रार करणार? मालिका रोज त्याच वेळेला असतात.”

मी डोळे मिटले. डोळे मिटून विचार करणं ही माझी खास पद्धत आहे. उघडले तेव्हा गुन्हेगाराचं अर्धं चित्र तयार होतं.

“ऋतिका, हा माणूस फक्त शनिवार-रविवारी गुन्हा करतो. का? कारण त्याला तेव्हाच सुट्टी असते. गुन्हेगार सरकारी नोकर आहे!”

आतून चंद्रावती म्हणाली, “सरकारी नोकर सुट्टीच्या दिसा काम करता? पयलेंच आयकतां.”

मला तो सिद्धांत मागे घ्यावा लागला. पण शोधकाचं डोकं रिकामं राहत नाही. बुधवार! बुधवारी डिचोलीचा बाजार. चारी बाजूंनी परके लोक येतात, गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. गुन्हेगार बुधवारी येतो, दुकानातल्या यंत्रात बुधवारची यादी पेरतो आणि पसार होतो. बुधवारच्या बाजारात येणारा आणि केबलचं वाईट चिंतणारा माणूस कोण? पेडण्याचा अविनाश! तो घरोघर डिश अँटेना बसवून देतो आणि दर बुधवारी बाजाराच्या तोंडाशी मेज टाकून बसतो.

गुरुवारी मी म्हापशाहून बस बदलून पेडण्याला गेलो. पोचलो तेव्हा भर दुपार होती. अविनाशचं दुकान बंद. शेजारचं बंद. त्याच्या पलीकडचंही बंद. रस्त्यावर एक कुत्रं होतं, तेही आडवं.

“गुन्हेगाराला माझी चाहूल लागली आहे,” मी कुत्र्याला म्हणालो. दुसरं कुणी नव्हतंच.

मागच्या दाराची कडी मी इतका वेळ वाजवली की शेवटी अविनाश लुंगीवर बाहेर आला. केस उभे, डोळे लालबुंद. मी ते लगेच टिपलं. माणूस रात्रभर जागून परक्या यंत्रांत शिरतो, त्याशिवाय डोळे असे होत नाहीत.

“बुधवारी दुपारी अडीच वाजता तुम्ही कुठे होता?” मी विचारलं.

“तुमच्याच बाजारात. मेजार. गिरायक इतलें की पाठ टेकूंक मेळूंक ना.”

“आणि आज अडीच वाजता?”

“आज? तुमी कडी वाजयली, ताच्या आदीं हांव बरो आसलों!” अविनाश ओरडला. “कोण तुमी? दनपारां लोकांच्या दारार येवपाची ही वेळ?”

त्याने दार लावून घेतलं. निरपराध माणूस इतका चिडतो का? मी परतीच्या बसमध्ये या प्रश्नावर इतका खोल विचार केला की कंडक्टरने मला म्हापशाला हलवून उतरवलं.

संध्याकाळी ऋतिका पायरीवर बसली होती. तिने दुकानातल्या कॉम्प्युटरची सगळी नोंद तपासली होती. “एकही चूक नाही मामा. कुठे अडलंय, कुठे तुटलंय, काही नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती.” मग म्हणाली, “बेंगळूरचा फोन येऊन गेला. सोमवारी सांगते म्हटलंय.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हणालो, “उद्या मी स्वतः पहारा करतो.” तिच्याकडे मात्र मला बघवेना.

शुक्रवारी बाराच्या सुमारास मी सुदेशच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. सुदेश जेवायला गेला. मग त्याची आई पद्मावतीकाकी आली. रोज ती येते, देवाच्या तसबिरीला हात जोडते आणि शटर ओढते.

“तुमी भितर रावतात? रावात, रावात. कदेलीर बरे बसात. हांव मेन काडटां हां.”

“तुम्ही तुमचं चालू द्या काकी,” मी म्हणालो. शोधकाने स्थानिक लोकांच्या कामात अडथळा आणू नये.

शटर खाली आलं. पंखा थांबला. डिचोलीत पंखे थांबतातच, त्यात नवल नाही. दुकानात अंधार झाला. आता चोराला दिसणार नाही आणि मलाही दिसणार नाही, म्हणजे सामना बरोबरीचा. अशा वेळी कान हेच शस्त्र असतं, आणि ऐकायला जोर यावा म्हणून मी डोळे मिटले. त्या दुपारी मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. शटर परत वर गेलं तोवर चोर आला नाही, चाहूल नाही, पाऊल नाही. फक्त मधूनमधून कुणीतरी घोरत होतं, पण ते अगदी जवळून येत होतं, म्हणून मी त्याला संशयितांत धरलं नाही.

शटर वर केलं पद्मावतीकाकीने. तिच्यामागून चहाची किटली घेऊन सुदेश, आणि ऋतिका.

“चोर अदृश्य आहे,” मी उभा राहून जाहीर केलं. “दुपारभर इथे मुंगीसुद्धा फिरकली नाही. यावरून सिद्ध होतं की तो तारेतून येतो.”

“मामा, अडीचला कॉम्प्युटरने काय केलं? दिवा लुकलुकला का?”

“दिवा कसला? पंखासुद्धा बंद होता, मी घामाने भिजलोय.”

ऋतिकाने माझा सदरा पाहिला. मग पंखा पाहिला. मग अंधारा कॉम्प्युटर पाहिला.

“पंखा का बंद होता?”

“हांवें मेन काडलें म्हणून,” पद्मावतीकाकी म्हणाली. “रोज काडटां. दुकान बंद, आनी भितर वीज चालू? उजो लागून दुकान जळ्ळें जाल्यार?”

“रोज? दुपारी? चार वाजेपर्यंत?”

“दनपारां कोण जागो आसता गे बाय?”

“आणि बुधवारी?”

काकीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिला पोरीची कीवच आली होती. “बुधवारा बाजार न्हय? बाजाराच्या दिसा कोण न्हिदता?”

सुदेशने किटली टेबलावर ठेवली. ऋतिका हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“चूक सापडणार कुठून? झोपलेल्याच्या हातून चूक होतच नाही! पोदेर अडीचला निघणार, आणि अडीचला पोदेरच झोपवलेला. फक्त बुधवारी जागा. बुधवारी यादी आणतो आणि पुढच्या बुधवारापर्यंत तीच वाढतो! मी वेळ बेंगळूरच्या हिशेबाने ठेवली, मामा. तिथे मशीन कुणी बंदच करत नाही. शटर पडतं हे मला ठाऊक होतं, पण विजेचं मेनही बंद होतं हे कुणी बोललंच नाही.”

“तातूंत सांगपाचें कितें?” काकी म्हणाली.

“पण मग,” सुदेश म्हणाला, “रोज दनपारां पानूय बंद आसतलें. केबलीची लायन वेगळी, ती चलता. पण पान बंद, आनी एका गिरायकान म्हाका सांगलें ना?”

कोण सांगणार होतं? ते बघायला अख्ख्या डिचोलीत कुणीच जागं नव्हतं.

“आई, आता फुडें मेन चालू दवर,” सुदेश म्हणाला.

“ना! आमकां न्हीद जाय, ताका नाका?”

माणसाला झोप हवी तशी यंत्रालाही हवी, यावर तालुक्यात दुमत झालं नसतं. ऋतिकाने कॉम्प्युटर सुरू केला आणि यादी आणायची वेळ पाच केली. चहा झाल्यावर.

शनिवारी पाचनंतर मी आणि चंद्रावती टीव्हीसमोर बसलो. ती नारळ सोलत नव्हती, तिसऱ्या निवडत नव्हती, नुसती बसली होती. पान बदललं. वर शनिवार, खाली शनिवार. आठ वाजता गाण्याची स्पर्धा. आठला नार्व्याची पोरगी गायली, सगळ्या गावाने ऐकलं. ती तिसरी आली, पण नार्व्यात फटाके पहिल्या नंबराचे वाजले. रात्री साडेदहाला सुदेशचा फोन : “गोकुळदासबाब, साखळेचो केबलवालो विचारता, ऋतिकाबाय केन्ना येतली?”

मी नम्रपणे सांगितलं की या प्रकरणात माझ्या पहाऱ्याचा मोठा वाटा होता. मी घामाने भिजलो नसतो तर पंख्याकडे लक्ष कुणाचं गेलं असतं? हे मी पाटीवरही लिहून घेणार होतो, पण जागा नारळांनी अडवली आहे.

सोमवार उजाडला. दुपारी जेवण झालं, गल्ली शांत झाली. मी बल्कांवात डोळे मिटून पुढच्या केसची वाट पाहत होतो. तेवढ्यात ऋतिकाचा फोन वाजायला लागला. आत चटईवर ऋतिका तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. फोन उशाशी वाजत होता आणि तिच्या पापणीचा केसही हलत नव्हता. चंद्रावती उठली, पदराला हात पुसले, फोन उचलला. पलीकडून कुणीतरी बेंगळूरहून घाईघाईने काहीतरी विचारत होतं.

आजवर या विषयावर एक अक्षर न बोललेली माझी बहीण म्हणाली, “ती न्हिदल्या. चार वाजल्यार कर.”

आणि तिने फोन ठेवून दिला.

ऋतिका आता घरीच राहणार, हे अनुमान मी त्याच क्षणी काढलं. ते बरोबर निघालं. एवढं मात्र माझं स्वतःचं आहे.