कराराबाहेरचं गाणं

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मदिनाबीने तिसऱ्याच दिवशी न विचारता त्याला वेखंड चाटवलं आणि शांतम्माचा धीर सुटला. बी.ए.पर्यंत शिकलेली ती. नवरा मल्लिकार्जुन धाराशिवच्या कोर्टात नक्कलनवीस. दुपारपर्यंत तिने करारनामा लिहून काढला. तेल, मालिश, अंघोळ, धुरी. याबाहेर काही करायचं तर दोघींच्या संमतीने, आणि लेखी.

मदिनाबीने शाईत अंगठा बुडवला. "तिकडं गावाकडं जळकोटात दोनशे पोरं न्हाणली म्या, पन अंगठा दिऊन कुनाला न्हाणलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तांब्याला बाळ लालबुंद होऊन किंचाळलं. मदिनाबी मुकाट पाणी ओतत राहिली.

"आज गात का नाही तुम्ही?"

"गानं लिवलंय का त्यात?"

शांतम्माने स्वतः सूर लावून पाहिला. बाळ क्षणभर गप्प झालं आणि मग दुप्पट रडलं. ओल्या हातानेच तिने कलम पाचवं घातलं : गाणं.

पुढच्या दिवशी गाणं झालं, पण मदिनाबी बाळाशी चकार शब्द बोलली नाही. कलम सहावं : गप्पा. मग घट्ट गुंडाळणं, मग मांडीवर हलवणं. समास भरला, कागद उलटला.

अखेर शांतम्मालाच शरम वाटली. "कामं किती वाढली, मदिनाबी! मोबदला वाढवायला हवा. काय लिहू?"

"लिवा. लेकरू झोपलं की त्याच्या आईनंबी झोपायचं."

लेखणी थबकली. "मी झोपले आणि त्याचा श्वास... मी रात्रभर मोजत बसते हो."

"ठावं हाय. डोळं बघा आरशात. आता म्या मोजते. मला धा पस्तोरच येतं, पुन्ना एकापासनं मोजीन."

शांतम्माने नववं कलम लिहिलं : बाळाचा श्वास मदिनाबीने मोजावा, आईने झोपावं. शाई वाळायच्या आत तिची मान भिंतीला टेकली.

मल्लिकार्जुन जेवायला आला तर चूल गार. मदिनाबी पाळण्याकडे पाठ करून पुटपुटत होती, "सात... आठ..."

त्याने कागद वाचला, सवयच ती. "मदिनाबी, यात तर बाळाचा श्वास लिहिलाय."

"लेकरू झ्याक घोरायलंय. म्या हिचा मोजायले." तिने शांतम्माच्या पायावर पदर सारखा केला. "तेवढा बदल तुमी लिवा. आन् हळू लिवा, लेखणी लई करकरती."