पट्टा लाव बे!

मुलांनो, अशी कल्पना करा, की आजीने एकच काळा मसाला कुटला आहे. तोच वांग्यात, तोच झुणक्यात, तोच पाटोडीत. आता त्यात चुकून एक खडा राहिला तर? कुठलाही घास घ्या, कचकन लागणारच.

दर्यापूरचा ललित पुण्यातल्या कंपनीत गाड्यांचं सॉफ्टवेअर असंच करायचा. मूळ एकच. कार, शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, ज्या गाडीला जे हवं तेवढं चालू, बाकीचं बंद. एकदा चाचणीपुरता त्याने आपल्या वडिलांचा, खुशालरावांचा आवाज त्यात घातला. पट्टा न लावता बसलं की ते दटावायचे, "पट्टा लाव बे! घरी कोनी वाट पाहून राहिलं."

पुढे खुशालराव गेले. तेरवीहून परतलेला ललित तो आवाज बंद करायला विसरला, आणि तो सगळ्या गाड्यांत पोचला.

पुण्याच्या एक बाई चिडल्या, "गाडी मला 'बे' म्हणते!" एका रुग्णवाहिकेतला पेशंट दचकून उठून बसला. अकोल्यातून मात्र एकही तक्रार नाही. तिथल्या लोकांना वाटलं, कंपनीला आता कुठे नीट बोलता यायला लागलं.

साहेब कडाडले. ललितने पुण्यातूनच दुरुस्ती पाठवली आणि सगळ्या गाड्या गप्प झाल्या. राहिली एकच, त्याच्याच दर्यापूरच्या अंगणातली. बंद गाडी बदल घेत नाही, आणि पट्ट्याची सूचना चालू असेपर्यंत चालू गाडीही घेत नाही, हा नियम त्यानेच घातला होता. आणि त्याची आई, गोदाबाई, दिवसभर गाडीत पट्टा न लावता बसून असायची.

शेवटी लेकीला, आचलला घेऊन तो गावी आला.

"माय, पट्टा लाव ना."

"काहून? लावला का ते चूप होतेत."

"आबाचा आवाज माह्या मोबाइलमंदी हाये. देतो तुले."

"मोबाइलमंदी ते बोलतेत, बापू. गाडीत मले दटावतेत." गोदाबाईने पदराने डोळे पुसले आणि हसली. "जितेपनी मले कधी 'बे' नाही म्हटलं. आता रोज म्हनतेत."

साहेबांचा फोन वाजतच होता.

"नोकरी जाईन माही, माय."

गोदाबाईने पट्टा ओढला. खट्. गाडी चूप झाली. 'बदल सुरू करू?' पडद्याने विचारलं. ललितचं बोट अधांतरी थांबलं.

मागच्या सीटवर आचलने हळूच आपला पट्टा काढला.

"पट्टा लाव बे!" गाडी म्हणाली.

"नाही लावत, आबा," आचल म्हणाली.