सव्वाचारचा धूर

मुक्त पत्रकार म्हणजे ज्याला कुठल्याच कार्यालयात खुर्ची नाही आणि घरात ज्याची खुर्ची कुणी हलवायची नाही, असा माणूस. आमचा पत्रकार विज्ञान आणि पर्यावरणावर लिहायचा. सांडपाणी, कचरा, वटवाघळे, जे मिळेल ते. बारा वर्षांत त्याचा एकही लेख सातव्या पानाच्या पुढे सरकला नव्हता, आणि आता एका मोठ्या दैनिकाच्या संपादकांनी त्याला रविवारचे पहिले पान देऊ केले होते. विषय होता वस्तीशेजारचा कारखाना आणि आजूबाजूची हवा. मात्र संपादकांनी आधीच बजावले होते, "आकडे आण. आकडे असतील तर पहिलं पान, नाहीतर तुझं नेहमीचं सातवं."

आकड्यांसाठी त्याने एका शास्त्रज्ञ बाईंच्या मागे लागून हवेतली धूळ मोजणारे यंत्र काही दिवसांकरता मागून आणले. डब्याएवढे, पांढरेशुभ्र, बाजूला बारीक भोके. ते त्याने सोमवारी सकाळी आपल्या खोलीच्या खिडकीत कारखान्याकडे तोंड करून बसवले. यंत्र मिनिटामिनिटाला धूळ मोजणार आणि आलेख याच्या फोनवर उमटणार. मग काय विचारता. जेवताना फोन, दाढी करताना फोन. मुळातच हा गृहस्थ एका जागी दहा मिनिटे बसणारा नव्हे. दुपारी चारच्या ठोक्याला पाय मोकळे करायला म्हणून जो बाहेर पडायचा, तो पाचला उगवायचा. आता तो चालतानाही आलेख बघत होता आणि लोकांच्या अंगावर आदळत होता.

बुधवारी त्याला घबाड सापडले. दिवसभर रेघ गुणी मुलासारखी आडवी असायची, आणि रोज बरोबर सव्वाचारला ताडकन उभी राहायची. दहा मिनिटांनी पुन्हा आडवी. तीन दिवसांचे तीन सुळके. त्याने त्याच रात्री येरझारा घालत लेख लिहून काढला : कारखाना रोज सव्वाचारला गुपचूप घाण सोडतो. चिमणीतून धूर निघताना दिसत नव्हता, ही जरा अडचण होती, पण तिचेही त्याने सोने केले. लेखाला मथळा दिला, 'न दिसणारे विष'.

संपादक खूश झाले. कारखान्याची बाजू तेवढी घे आणि शनिवारी सातच्या आत लेख दे, म्हणाले. कारखान्याचा व्यवस्थापक सज्जन निघाला. त्याने सगळे आरोप शांतपणे ऐकून घेतले आणि पत्रकाराला थेट भट्टीपाशी नेले. दुरुस्तीसाठी भट्टी सोमवारी पहाटेपासून बंद होती.

"हात लावून बघा," व्यवस्थापक म्हणाला. "सध्या मी आत बसून डबा खातो."

पत्रकाराने हात लावून बघितला, भट्टी थंडगार होती. पण सुळके तर खरे होते, म्हणजे कुणीतरी धूळ उडवत होते. त्याच दिवशी, गुरुवारी, सव्वाचारला तो फोन घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजसमोर उभा राहिला. सुळका आला, पण गॅरेजवाला गाडीखाली घोरत पडला होता. शुक्रवारी त्याने शेजारच्या शाळेच्या बसगाड्यांवर पाळत ठेवली. सुळका आला तेव्हा एकही गाडी चालू नव्हती, आणि मूलबाळ नसलेला हा माणूस फाटकाशी का घुटमळतोय म्हणून चौकीदाराने त्याला हुसकले. पळता पळता गटाराच्या कडेला त्याचा पाय मुरगळला.

शनिवारी नाइलाजाने तो पाय उशीवर ठेवून घरीच बसला. सव्वाचार वाजले, साडेचार वाजले, रेघ आडवीच. लेख द्यायला अडीच तास उरले होते. त्याने घायकुतीला येऊन शास्त्रज्ञ बाईंना फोन केला आणि सगळे सांगितले.

"आज तुम्ही घरी होतात ना?" बाईंनी विचारले.

"हो."

"मग तुमचे आकडे एकच गोष्ट सांगतायत. तुम्ही घराबाहेर पडलात की हवा बिघडते."

फोन ठेवून तो विचारात पडला. मग जरा फिरून येतो असे स्वयंपाकघरातल्या आईला मोठ्याने सांगून लंगडत जिना उतरला, पंधरा मिनिटे खाली थांबला आणि मांजराच्या पावलांनी परत वर आला. खोलीच्या खिडकीत आई उभी होती. घरातली पायपुसणी तिने यंत्राला लागूनच दणादणा झटकली. मग फडक्याने यंत्र चहूबाजूंनी पुसले आणि गाल फुगवून त्याच्या भोकांत फुंकर मारली. याच्या हातातल्या फोनवर रेघ ताडकन उभी राहिली.

"आई, हे काय चाललंय?"

"परक्याची वस्तू आहे. परत देताना कळकट दिसायला नको. तू घरात असलास की मेला झाडू फिरवू देत नाहीस, म्हणून तू गेलास की उरकते."

तो मटकन खुर्चीत बसला. बारा वर्षांनी मिळालेले पहिले पान आईने फुंकरीसरशी उडवून लावले होते. त्याला अगदी रडू यायच्या बेतात होते. ते तिला दिसले असावे, कारण ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पण तुझं कारखान्याचं खरं आहे हो. हे पाच-सहा दिवस फडकं काळं होत नाहीये, तेव्हाच म्हटलं, बंद दिसतोय."

"तुला माहीत होतं?"

"मला कुणी विचारलं?"

तिने मोरीतून एक गाठोडे ओढून आणले. ती रोज नवे फडके घ्यायची आणि महिन्याची सगळी एकदम धुवायची. वरची पाच नुसती मातकट होती. खालची वीस-बावीस कोळशासारखी काळी. यंत्र आठवडाभर आईला मोजत बसले होते, आणि आई गेली वीस वर्षे कारखान्याला मोजत होती.

त्याने संपादकांना काहीही न लपवता सांगून टाकले. ते म्हणाले की पान पुढे ढकलू, गाठोडे सांभाळ, उद्या सकाळी छायाचित्रकार पाठवतो. तपासणीला फडकी न्यायला शास्त्रज्ञ बाईही येणार होत्या. पत्रकाराने एकच चूक केली. उद्या दहाला दोन पाहुणे फडकी बघायला येणार आहेत, हे त्याने आईला रात्रीच सांगितले.

सकाळी पाहुणे आले तेव्हा सगळी फडकी दोरीवर वाळत होती. आई पाचलाच उठली होती.

"लोक मुद्दाम बघायला येणार," ती म्हणाली, "आणि मी घाण फडकी पुढे करू?"

पत्रकाराने कपाळावर हात मारला. बाई मात्र पोट धरून हसल्या. भट्टी सोमवारी पुन्हा पेटणार होती, तेव्हा पंधरा दिवसांची फडकी न धुता ठेवा, अशी त्यांनी आईला विनंती केली. आईला ते फार जड गेले. शेवटी तिने होकार दिला, पण एका अटीवर : लेखात तिचे नाव येता कामा नये. इतकी काळी फडकी आपल्या घरातली आहेत, हे चार लोकांना कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

तिसऱ्या रविवारी लेख पहिल्या पानावर आला. ओळीने मांडलेल्या फडक्यांचे छायाचित्र, तपासणीचे आकडे, आणि 'नाव न छापण्याच्या अटीवर एका गृहिणीने दिलेली माहिती'. पत्रकार त्या दिवशी सलग एक तास एका जागी बसला, इतका तो सुखात होता. आई पिशवी घेऊन भाजीला गेली आणि परत आली ती तोंड फुगवूनच. इमारतीतल्या चौघींनी आतापर्यंत ती गृहिणी आपणच असल्याचे सांगून टाकले होते, आणि तिसऱ्या मजल्यावरचीचे तर खाली सगळे मिळून अभिनंदन करत होते.

"तिच्या खिडक्या पुसलेल्या पाहिल्यास कधी तू?" आई म्हणाली. "संपादकांना फोन लाव. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापायला सांग. नाव, मजला, सगळं नीट घाला म्हणावं."