सासऱ्यांची रायफल आणि पितोचा डबा

लेलंड ट्रेझोनाने आयुष्यात जी काही संकटं ओढवून घेतली, त्यातली निम्मी "त्यात काय आहे" या तीन शब्दांनी सुरू झाली होती. उरलेली निम्मी "मी करतो" या दोन शब्दांनी. त्या रविवारी सासुरवाडीच्या टेबलावर, कॉफीचा दुसरा कप रिचवताना, तो ही पाचही शब्द एकाच दमात बोलला.

टेबलावर सासऱ्यांची रायफल आडवी ठेवली होती. सासरे म्हणजे रेइनो लाम्पी. रायफलचा लाकडी दस्ता मुठीपाशी आरपार तडकला होता. कारण असं, की रेइनोंनी रायफल ट्रकला टेकवून ठेवली आणि मग ट्रकच मागे घेतला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही तोंडातून काढत नव्हतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला. तिकडे अमेरिकेत, सुपीरियर सरोवराच्या काठावर, त्या दिवसाला दिवाळीच म्हणा. शाळा बंद, नवरे गायब.

"कारागीर म्हणतो, नाताळनंतर ये," रेइनो म्हणाले.

"कारागीर कशाला, बाबा? लॅमिनेटचा अर्धा-कच्चा दस्ता मिळतो. नव्वद टक्के तयारच असतो. त्यात काय आहे! उरलेलं मी करतो."

त्याच्या बायकोने, सिल्वीने, टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली. ती आपल्याला प्रोत्साहन देतेय असं लेलंडला वाटलं.

रेइनोंनी रायफल जावयाकडे सरकवली. ते त्याला कधी नावाने हाक मारत नसत. "बघा हं, जावईबापू," ते म्हणाले. "या रायफलने मी एकही हंगाम चुकवलेला नाही."

आता लेलंडला ही खाज का सुटली, ते सांगायला हवं. लाम्पी मंडळींची जंगलात शिकारीची एक झोपडी होती. तिच्या भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली नाव कोरलेलं, सासऱ्यांचं, मेव्हण्यांचं, चुलत मेव्हण्यांचं, इतकंच काय, मरून गेलेल्या एका कुत्र्याचंही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लेलंडचा कोट दाराच्या कडीला लटकायचा. कुणी दार उघडलं की कोट खाली पडायचा आणि येणारा त्यावर पाय पुसायचा. लेलंडला हरीण मिळालं नसतं तरी चाललं असतं, त्याला खुंटी हवी होती.

दस्ता आला. भूर्जाचे पातळ पापुद्रे तपकिरी-करड्या रंगात रंगवून, एकावर एक चिकटवून दाबलेले. देखणा होता, नाही म्हणायला जागा नाही. नव्वद टक्के तयार होता हेही खरंच. पण उरलेल्या दहा टक्क्यांत माणसाचा जीव जातो, हे खोक्यावर छापलेलं नव्हतं.

लेलंड रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये पॉलिश पेपर घेऊन घासायला बसे आणि जेवायला आला की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे. घासण्याचं एक वेळ ठीक होतं. लोखंडी भाग दस्त्याच्या खाचेत बसवायचा, ती खरी गोम. आधी बसेचना. कानस मारली, तरी बसेना. मग लेलंड चिडला आणि जरा जोरात मारली, तर लोखंड आत थोरल्या भावाच्या पँटीत धाकट्याने फिरावं तसं फिरायला लागलं.

"आता?" सिल्वीने विचारलं.

"आता एपॉक्सी, म्हणजे दगडासारखं घट्ट होणारं चिकटद्रव्य. खाचेत ओतायचं, वरून रायफल दाबून बसवायची. वाळलं की लोखंडाच्या मापाचा साचा तयार. मग रायफल अलगद काढायची, दस्त्याला तेल लावायचं आणि पुन्हा बसवायची. सगळे असंच करतात."

"अलगद कशी निघेल? एपॉक्सी ना ते?"

"लोखंडाला आधी निसटायचं औषध लावतात. सोबत बाटली आलीय."

बाटली आली होती खरी, पण तेवढ्यात तिला लेलंडचं कोपर लागलं. सगळं औषध गॅरेजच्या जमिनीवर. त्या जागेवर पुढे सिल्वी दोनदा घसरून पडली, तेव्हा औषध चांगलं होतं यात शंका नाही.

उजाडला शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटे हंगाम उघडणार. गॅरेजमध्ये इतकी थंडी, की एपॉक्सी वाळायचं उन्हाळ्यात. पण समोरच सासऱ्यांचं घर, मागे त्यांचा साउना, म्हणजे फिनिश लोकांची वाफेने अंघोळ करायची खोली. शनिवारी सासूबाई सकाळीच तिथली शेगडी पेटवतात, त्यामुळे बाहेरची कपडे बदलायची खोली छान उबदार असते. रेइनो झोपडीवर सरपण रचायला गेलेले. लेलंड सगळं बाड घेऊन तिथे घुसला.

आता प्रश्न त्या औषधाचा. फळीवर स्कीच्या सामानात मेणाचे दोन डबे होते. मेण लावलं तरी चालतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. डब्यांवर रेइनोंच्या हातची पट्टी. एकावर 'लुइस्तो', दुसऱ्यावर 'पितो'. पितो म्हटलं तरी आत पिण्यासारखं काही नव्हतं, काळपट मेणच होतं. लाम्पी मूळचे फिनलंडचे, लेलंडचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे. फिनिशमधला त्याला 'कॉफी' एवढा एकच शब्द येई, तोही ऐकून आपला वाटला म्हणून.

त्याने दार किलकिलं करून स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. "आई, या स्कीच्या डब्यांतलं कुठलं मेण घेऊ?"

"कशाला हवंय?" सासूबाईंचा, आयलींचा, आवाज आला.

औषध सांडलं म्हणून सांगावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर. "एक वस्तू नीट बसवायचीय. जागेवरून तसूभरही घसरता कामा नये."

"घसरता कामा नये ना? मग पितो. आणि सढळ हाताने लाव रे, कंजूषपणा नको."

सासूबाईंची आज्ञा! लेलंडने नळीच्या बुडाला, खाचाखोचांत, सगळीकडे पितो थापलं. एपॉक्सी ओतलं, रायफल बसवली, स्क्रू आवळले आणि शिट्टी वाजवत पेस्टी, म्हणजे त्याच्या माहेरची मांस-बटाट्याची करंजी, खायला गेला.

दुपारी परत येऊन त्याने स्क्रू काढले. ते निघाले. रायफल निघाली नाही. त्याने नळी ओढली. मग दस्ता पायात धरून नळी ओढली. मग सिल्वीला बोलावलं. तिने दस्ता धरला, याने नळी, आणि दोघं त्या खोलीभर रस्सीखेच खेळली. शेवटी सिल्वी बाकावर बसली. "लेलंड, ही रायफल आता एकजीव झालीय."

"उष्णतेने सुटेल," लेलंड म्हणाला. त्याने रायफल टॉवेलात गुंडाळली आणि आत साउनात सर्वांत वरच्या बाकावर नेऊन ठेवली. तोच बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज झाला.

"बाबा आले," एवढं म्हणून सिल्वी मागच्या दाराने पसार झाली. नवऱ्याला साथ द्यायची म्हणजे किती द्यायची, यालाही काही माप असतं.

लेलंडने रायफल खालच्या बाकाखाली सरकवली, कपडे फेकले आणि वर जाऊन असा बसला, जणू जन्मापासून तिथेच आहे. रेइनो आत आले. अंगावर काही नाही, हातात पाण्याची बादली. ते शेजारी बसले. तापल्या दगडांवर त्यांनी पळीभर पाणी मारलं. वाफ उसळली. लेलंडच्या कानांच्या पाळ्या पेटल्या.

"काय जावईबापू, झाली रायफल?"

तेव्हा लेलंडच्या डोक्यात आयुष्यातला पहिला शहाणा विचार आला. साउनात देवळासारखं वागायचं, आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, हा लाम्पींच्या घरचा नियम. रेइनोंनीच तो मुलांच्या कानीकपाळी ओरडून, अर्थात साउनाबाहेर ओरडून, शिकवलेला. काय सांगायचं ते इथेच सांगून टाकावं.

"झाली, बाबा. फक्त आता ती सुटत नाही. कधीच सुटणार नाही, असं दिसतंय."

रेइनोंची मान लाल झाली, मग छाती लाल झाली. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊ."

"नको. मी इथे बरा आहे."

रेइनोंनी आणखी एक पळी मारली. लेलंड हलला नाही. आणखी एक. लेलंडला समोरच्या भिंतीवर दोन खिडक्या दिसायला लागल्या. भिंतीला खिडकी नव्हतीच. पण बाहेर सासरा मोकळ्या आवाजाचा, आत नुसतं मरण. त्याने मरण पत्करलं.

"लोखंडाला काय लावलं होतंस?" रेइनोंनी दात आवळून विचारलं.

"मेण. तुमच्याच फळीवरचं. आई म्हणाल्या म्हणून पितो."

रेइनोंनी पळी खाली ठेवली.

"लुइस्तो म्हणजे घसरण," ते सावकाश म्हणाले. "स्की पुढे पळावी म्हणून. आणि पितो म्हणजे पकड. चढावर स्की मागे घसरू नये, चिकटून राहावी म्हणून. आणि तू, चिकटू नये म्हणून..."

पुढे त्यांना बोलता येईना. बाक हलायला लागला. सासऱ्यांना झटका आला की काय म्हणून लेलंड घाबरला, आणि मग त्याला कळलं की म्हातारा हसतोय. साउनात ओरडायला बंदी होती, हसायला नव्हती. इतक्या वर्षांत त्याने रेइनोंना हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर दोघांच्याही अंगावर सूत नाही. त्याला एकदम भरून आलं आणि त्याच क्षणी चक्करही आली. दार ढकलून तो तसाच बाहेरच्या बर्फात जाऊन पडला. सरपण घ्यायला आलेल्या सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "स्की लावून झाली का रे?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

अंधार पडायच्या आत रेइनोंनी वाळूच्या खाणीत कागद लावून ती रायफल चालवून पाहिली. तीन गोळ्या, तिन्ही भोकं एका बशीत मावतील अशी. त्यांनी नळी हलवून पाहिली, दस्ता हलवून पाहिला. काही म्हणून हललं नाही. ते नुसते "हं" म्हणाले. रेइनोंचं "हं" म्हणजे आपल्याकडची शाल आणि श्रीफळ.

झोपडीत संध्याकाळी सासरा-जावई समोरासमोर बसून दस्त्याला जवसाचं तेल चोळत होते, नळी न काढताच, तळहाताने. तेल पुरतं वाळलं नाही, त्यामुळे पहाटे रेइनोंचा डावा हातमोजा दस्त्याला चिकटला आणि दिवसभर चिकटूनच राहिला. त्याच अवस्थेत त्यांनी दहा टोकी शिंगांचं हरीण पाडलं.

त्या संध्याकाळी झोपडीतली भांडी घासून लेलंड बाहेरच्या खोलीत आला, तर त्याचा कोट दाराच्या कडीला नव्हता. तो भिंतीवर होता. कुत्र्याच्या खुंटीशेजारी एक नवी कोरी खुंटी, आणि तिच्याखाली डब्यावरून सोलून काढलेली पट्टी चिकटवलेली: 'पितो'.

मेव्हणे खिदळत होते. नाव आपलं नाही, पण खुंटी आपली आहे, हे पुन्हा पुन्हा मनात म्हणत लेलंड जवळ गेला आणि त्याने कोटावरून प्रेमाने हात फिरवला.

खुंटी कोटासकट त्याच्या हातात आली.

रेइनोंनी पत्त्यांतून डोकंही वर काढलं नाही.

"डबा कुठे असतो, ते तुला माहीतच आहे, लेलंड," ते म्हणाले.