उत्क्रांतीच्या नोट्समधले दोन शब्द

जी चूक मार्क खात नाही ती चिरंजीव होते. हे सत्य जगाला लातूरने दिलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

१९९४ साली आमचे व्यंकटराव सर पत्र्याच्या शेडमध्ये उत्क्रांतीचा धडा सांगत होते. (किल्लारीच्या भूकंपानंतर स्लॅबखाली बसायला कुणी धजत नव्हतं.) सर बोलतील ते शब्दन्‌शब्द उतरवायचं, ही क्लासची शिस्त. तेवढ्यात जमीन हादरली. सर ओरडले आणि पळाले. आम्ही आधी लिहिलं, मग पळालो. माझं अक्षर बरं, म्हणून माझीच वही छापायला गेली. त्यात आजही हे वाक्य आहे: "नकलेत डीएनए चुकला, पण प्रथिनाचं फारसं बिघडलं नाही, तर नैसर्गिक निवड बाहेर पळा दुबळी पडते आणि चूक टिकते."

नोट्स दरवर्षी तपासतात. लातूरला मुलं नऊशे. चुकीपायी एक मार्क गेला, की पालकांचा मोर्चा येतो आणि चूक आठवड्यात मरते. जळकोट शाखेत मुलं अकरा. तिथे मार्क गेला तर पोराचं नशीब म्हणतात आणि चूक पुढच्या बॅचला जाते. 'बाहेर पळा'ने मात्र कुठेच मार्क गेला नाही. तीस वर्षांत सतरा हजार मुलांनी ते पाठ केलं. त्यांतले चारशे डॉक्टर झाले. (दोघे जनुकतज्ज्ञ.)

यंदा लातूरला मुखेडच्या ज्ञानेश्वरीने हात वर केला. "सर, हे मधीच बाहेर पळा काय हाय?"

व्यंकटराव सर अजूनही शिकवतात. ते म्हणाले, "पेपरात येतं का? न्हाई ना? मग लिहून घे. फिरून इचारलं तर शेवटच्या बॅचमधी बसवीन."

तिने लिहून घेतलं. पहिल्या बॅचमधली जागा तिने दोन वर्षं घासून मिळवली होती.

मंगळवारी चौथ्या मजल्यावर बाकं हलली. पंखे झुलले. सर ओरडले, "बाहेर पळा!" तीनशे माना खाली गेल्या, तीनशे पेनं चालली. एकाने विचारलंही, "सर, हे चौथ्या मुद्द्यात घ्यायचं का?" सर तोवर जिन्यात होते. तिथे त्यांना एकटी ज्ञानेश्वरी भेटली.

सुदैवाने इमारत टिकली. बुधवारी ज्ञानेश्वरीला शेवटच्या बॅचमध्ये टाकलं. कारण: तास चालू असताना विनापरवानगी वर्ग सोडणे.

तुम्हाला पोरीची कीव आली असेल. मलाही आली. पण वर तुम्हालाही चार वेळा स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही जागचे हलला नाहीत. असू द्या, तुमचेही मार्क जाणार नाहीत.