आवक क्रमांक चौसष्ट

नांदुऱ्याला मामेबहिणीच्या मुलीचं बारसं उरकून समता आणि तिची आई पंचफुला दुपारच्या एसटीने अमडापूरला परतल्या, तेव्हा त्यांच्या घरासमोर रांग लागली होती. पंचफुलेला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. पण रांगेतली माणसं नंबरावरून भांडत होती आणि ओट्यावर टेबल मांडून समतेचे बाबा, भाऊराव, चांगले धडधाकट बसले होते. समोर शाईचं पॅड, तारखेचा शिक्का आणि कागदांची चळत.

"आधारची झेरॉक्स लावल्याबिगर कागद घेतल्या जानार नाई!" ते ओरडत होते. "ए सहदेव, लाइनीत राह्य ना बे!"

समतेने टेबलावरचा एक कागद उचलला. तो तिच्या विद्यापीठाच्या प्रकल्पाचा कागद होता.

समता विद्यापीठात मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र हे दोन विषय एकत्र शिकत होती. माणूस असा का वागतो हे एका तासाला आणि तसा वागल्यावर त्याचं काय होतं हे दुसऱ्या तासाला, असा तिचा आनंदाचा दिनक्रम होता. पण मागच्या सत्रात ती काठावर पास झाली, आणि तिच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की सुट्टीतला प्रकल्प जमला तरच दोन्ही विषय राहतील, नाहीतर एक सोडावा लागेल. कोणता सोडायचा ते भाऊरावांनी घरी केव्हाच ठरवून टाकलं होतं. "मानसशास्त्र ठीक हाये," ते म्हणत. "पन चोरायचा अभ्यास कायले पाह्यजे? लोकं काय म्हनतीन?"

प्रकल्प साधा होता. आपण केलेले आणि कधीच पकडले न गेलेले छोटे गुन्हे, यावर बारा प्रश्न. अट एकच, कागदावर भरणाऱ्याचं नाव नको. एका जरी कागदावर नाव दिसलं तरी सगळा प्रकल्प रद्द, असं मॅडमनी दोनदा बजावलं होतं. समतेने गल्लीतून वीस कागद भरून घेतले होते. लोकांनी ते घडी घालून रव्याच्या बंद डब्याला पाडलेल्या भोकातून आत टाकले होते. उरलेले वीस कोरे कागद कपाटात होते. काल नांदुऱ्याला निघताना भाऊराव आपणहून म्हणाले, "तू जाय. बाकीचे मी भरून घेतो." बाबांना विषयाची गोडी लागली म्हणून ती बिचारी हरखून गेली होती.

भाऊरावांनी बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली होती. नाव, सही आणि तारीख नसलेला कागद त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकला नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल दिली आणि शिपायांनी तारखेचा शिक्का. शालीची घडी अजून मोडली नव्हती. शिक्क्याची तारीख मात्र ते रोज सकाळी चहाआधी बदलत.

"बाबा, यावर छापलंय ना, 'नाव लिहू नये' म्हणून!" समता रडकुंडीला आली.

"ते छापखान्यावाल्याचं चुकलं व्हतं," भाऊराव समजुतीने म्हणाले. "म्या दुरुस्त केलं."

त्यांनी खरंच दुरुस्त केलं होतं. प्रत्येक कागदावर लाल शाईने 'लिहू नये' खोडून 'लिहावे' केलं होतं आणि खोडलेल्या जागी बारीक सही केली होती. खाली नाव, आधार क्रमांक, अंगठा किंवा सही, आणि वर गोलात आवक क्रमांक. सगळ्यात वरच्या कागदावर त्रेसष्ट आकडा होता.

"त्रेसष्ट? मी तर वीसच ठेवले होते."

"गर्दी झाली, मंग सहदेवनं झेरॉक्स मारून आनले."

शेजारचा सहदेव छाती पुढे काढून उभा होता. गर्दी का झाली, हे त्याच्यामागे उभ्या असलेल्या तानाबाईंनी सांगितलं. टेबल, शिक्का आणि आधार दिसल्यावर कोणती तरी योजना आली असणार हे कुणी सांगायची गरजच नव्हती. शिवाय कागद समतेचे.

"तू बँकेची परीक्षा देऊन राह्यली ना व," तानाबाई म्हणाल्या, "म्हंजे पैशे खात्यातच येतीन."

बँकेचं हे समता या सुट्टीत तिसऱ्यांदा ऐकत होती. दळणाला गेली तेव्हा गिरणीवाल्या छायाकाकूंनीही विचारलं होतं, बँकेत कधी लागतेस म्हणून. लोक कुणाचं कुणाला चिकटवतात, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. आत्ताही तिला तो विचार करायला सवड नव्हती.

"अहो आजी, योजना नाही! हा गुन्ह्यांचा सर्व्हे आहे!"

रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग सहदेवने हळूच विचारलं, "म्हंजे पोलिसाले देतं का हे?"

पुढच्या दोन मिनिटांत ओट्यावर जी झोंबाझोंबी झाली, ती आवरायला पंचफुलेला पदर खोचावा लागला. प्रत्येकाला आपला कागद परत हवा होता आणि भाऊराव चळतीवर दोन्ही हात ठेवून ओरडत होते, "आवक झालेला कागद असा परत भेटत नसते! अर्ज करा!"

"अहो, सोडा ना तो गठ्ठा!" पंचफुलेने दरडावलं, तेव्हा कुठे त्यांनी हात काढले. लेकीचा चेहरा त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला, आणि ते शिक्का, पॅड आणि एक कोरा कागद उचलून आतल्या खोलीत गेले.

समतेने पद्मजा मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. समतेला वाटलं, गेलं आपलं गुन्हेगारीशास्त्र.

"बिननावाच्या पहिल्या वीस कागदांत काय आलंय?" मॅडमनी विचारलं.

"खूप काही आलंय, मॅडम. चौदा जणांनी विजेच्या तारेवर आकडा टाकलाय. नऊ जणांनी मोठ्या पोराचं एसटीत अर्धं तिकीट काढलंय. एकाने शेजाऱ्याचा कोंबडा खाऊन त्याच्याच बरोबर तो शोधलाय."

सहदेव एकाएकी आकाशाकडे बघू लागला.

"आणि नावाच्या कागदांत?"

समतेने चळत उलटून पाहिली. नाही, नाही, नाही. बारा प्रश्न, त्रेसष्ट माणसं, आणि एकाही गुन्ह्याची नोंद नव्हती. "काहीच नाही, मॅडम. सगळे संत आहेत. गल्ली तीच आहे आणि पहिले वीसजणही यात आहेत."

फोनमधून मॅडमचं हसू बाहेर ओट्यापर्यंत ऐकू आलं. "अगं, नाव लिहायला लावलं की माणूस कसा बदलतो, हे तुझ्या वडिलांनी एका दिवसात दाखवून दिलं. हे मानसशास्त्र आणि हेच गुन्हेगारीशास्त्र! आता आधी सगळ्यांना खरं काय ते सांग. ज्याला कागद परत हवा त्याला दे. बाकीच्यांची नावं त्यांच्यासमोर काप, आधारची झेरॉक्स परत कर, आणि झालेली चूक अहवालात जशीच्या तशी लिही. दोन्ही विषय राहतील तुझे."

समता पायरीवर बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. मग तिने उठून सगळ्यांना नीट समजावलं. पोलीस नाहीत म्हटल्यावर कागद परत न्यायला कुणीच तयार होईना. पंचफुलेने कात्री आणली आणि नावांच्या पट्ट्या न्हाणीच्या चुलीत जाऊ लागल्या.

"नाव जाळलं, मंग पैशे कोनाच्या नावानं येतीन?" तानाबाई अजून आशेवर होत्या.

त्रेसष्ट पट्ट्या कापून झाल्या. तेव्हा भाऊराव आतून आले आणि त्यांनी आणखी एक कागद टेबलावर ठेवला. शिक्का मारलेला, शाई अजून ओली. आवक क्रमांक चौसष्ट. अकरा प्रश्नांना 'नाही' होतं. सातवा प्रश्न होता, आपण कुणाची फसवणूक केली आहे काय? त्याखाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'होय. मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करते, असे दोन वर्षे गावात खोटे सांगितले. कारण, गुन्हेगारीशास्त्र सांगायची लाज वाटली. आज वाटत नाही.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

समतेचे डोळे भरून आले. तिने कात्री उचलली, पण भाऊरावांनी तिचा हात धरला.

"त्याच्यावरचं नाव राहू दे. अन् तो तुह्यापाशी ठेव, मॅडमले देऊ नोको."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. एवढ्यात सहदेव पुढे सरकला. "काय बावा, भाऊराव, पोरगी नेमकं शिकते तरी काय?"

भाऊराव उठून उभे राहिले आणि रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मानसशास्त्र अन् गुन्हेगारीशास्त्र! दोन्ही!"

"मंग ते बँकेचं?"

"तो माहा गुन्हा व्हता," भाऊराव शिक्का पुसत म्हणाले. "त्याची आवक झाली. तू तुह्या कोंबड्याचं पाह्य."